हरताळाच्या दिवशी जेवायला किती माणसे होती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नौसैनिकांच्या उठावाला या फेब्रुवारीत ८० वर्षे झाली. त्या निमित्ताने आपल्या पुरवणीत आलेला लेख मी भिंग घेऊन दोनदा वाचला. लेख चांगला आहे. ‘तलवार’ या नौदल तळावरचे उपोषण, नौदलाच्या कॅसल बराकीतला गोळीबार, शरणागती, सगळे नीट आले आहे. त्यात एक वाक्य आहे: ‘२२ फेब्रुवारीला मुंबईत कडकडीत हरताळ पाळण्यात आला.’ त्या वाक्यापाशी मी अडकले आणि म्हणून हे पत्र. हरताळ पाळला गेला, पण तो कुणाच्या घरात कसा पाळला गेला, त्याचे पैसे कुणी भरले, त्या दिवशी चूल कशावर पेटली, हे कोणी लिहीत नाही. त्या दिवशी लालबागच्या आमच्या खोलीत किती माणसे जेवली, हे मला नक्की सांगता येते. वही माझ्याकडे आहे आणि तिच्यातले अक्षर माझे आहे.

मी १९३८ सालची. वडील कापड गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागावर होते. आई खानावळ चालवायची. ‘खानावळ’ म्हटल्यावर आजच्या वाचकांना पाटी आणि बाकडी डोळ्यांपुढे येतील. तसे काही नव्हते. दहा बाय बाराची खोली, दोन शेगड्या आणि पाळी-पाळीने जेवायला बसणारी २४ माणसे. बहुतेक आमच्याच पाटण, शिराळ्याकडची, दोघे-तिघे कोकणातले. बायकापोरे गावी आणि हे इथे एकेका खोलीत पंधरा-वीस जण, पाळीवरून आला तो दुसऱ्याच्या उठलेल्या वळकटीवर झोपणार. त्यांच्या जेवणाची जबाबदारी खानावळवाल्या बाईची. त्यांची रेशनकार्डेही आईकडेच असायची. मुंबईत १९४३ पासून रेशन होते. वाणी आईला उधारीवर माल द्यायचा, आई माणसांना उधारीवर जेवण द्यायची आणि महिन्याचा पगार झाला की पैसे उलट्या दिशेने फिरायचे. गिरणगाव चालत होते ते या उधारीवर. त्यातली एक कडी तुटली की सगळा भार बाईच्या अंगावर यायचा, कारण वाण्याला ‘थांब’ म्हणता येत नाही आणि भुकेल्या माणसाला ‘उठ’ म्हणता येत नाही.

आईला लिहिता येत नव्हते. मी तिसरीत गेले तेव्हापासून वही माझ्याकडे आली. डावीकडे नावे, पुढे तारखांची घरे. जेवला तर उभी रेघ, नाही जेवला तर ‘खा’, म्हणजे खाडा. खाड्याचे पैसे महिन्याला कापले जात. गिरणीतही हाच शब्द. कामावर गेला नाही की खाडा पडला आणि पगार कापला. त्यामुळे ‘हरताळ’ ऐकला की मला घोषणा आठवत नाहीत, हा शब्द आठवतो. टिळकांना १९०८ साली सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरणगावाने सहा दिवस गिरण्या बंद ठेवल्या. शाळेत आम्ही हे अभिमानाने शिकलो, पुढे मीही मुलांना अभिमानाने शिकवले. पण प्रत्येक वेळी मनात यायचे की ते प्रत्येक माणसाचे सहा खाडे होते आणि ते कुणीही भरून दिले नव्हते.

आमच्या घरात चळवळ होतीच. बाबू गेनू हा गिरणी कामगार. १२ डिसेंबर १९३० ला काळबादेवीत विलायती कापडाच्या लॉरीपुढे आडवा झाला आणि तिच्याखाली गेला. वडील त्याच्या वयाचे. त्याचे नाव निघाले की ते हातातले काम थांबवायचे. ९ ऑगस्ट १९४२ ला वडील गवालिया टँकवर गेले होते. पहाटेच नेत्यांना धरून नेले होते, मैदानावर अश्रुधूर सोडला, पळापळ झाली आणि वडील अनवाणी घरी आले. चपला मैदानातच राहिल्या. लढाईचे दिवस, चामडे महाग. पुढे कित्येक महिने ते अनवाणी गिरणीत जात होते, असे आई सांगायची. त्यानंतर नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या काळात साताऱ्याकडची दोन-तीन माणसे आमच्याकडे ‘भाचा’ म्हणून जेवून गेली. त्यांच्या नावाची ओळ कुठल्याच वहीत नाही. आईने विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

आता १९४६.

सोमवार, १८ फेब्रुवारीला कुलाब्याच्या ‘तलवार’ तळावरच्या नौसैनिकांनी अन्न नाकारले. गोऱ्या अधिकाऱ्यांची शिवीगाळ होती, पगारातला फरक होता, लाल किल्ल्यातल्या आझाद हिंद सेनेच्या खटल्याने पोरे पेटलेली होती. हे सगळे मी नंतर वाचले. आमच्या खोलीत बातमी आली ती वेगळी. संध्याकाळी जेवायला बसलेला गोदीतला एक माणूस म्हणाला, “आरमारातली पोरं ताटावरून उठली. डाळीत खडे, जेवण निकृष्ट. म्हणाली, असलं जेवण नाही तर काम नाही.” आई भाकरी थापत होती, ती थांबली. “जेवनावरनं उठल्यात व्हय? मग त्यास्नी चुकीचं कोन म्हनंल?” राजकारण तिला कळत नव्हते असे कुणी म्हणू नये. ताटावरून उठणे काय असते, हे त्या खोलीत तिच्याइतके कुणालाच कळत नव्हते.

दोन-तीन दिवसांत उठाव मुंबईबाहेर पसरला. ७८ जहाजे आणि सुमारे २०,००० नौसैनिक त्यात होते. गुरुवारी, २१ तारखेला कॅसल बराकीत गोळ्या चालल्या. जहाजांवरच्या पोरांचे अन्नपाणी तोडले आहे, असे कळले आणि लोक आपण होऊन गेटवेकडे निघाले. इराण्यांचे पाव, फळवाल्यांची फळे, घरचे डबे. आमच्या गोदीवाल्याने आईला विचारले. रेशनचे दिवस, पीठ मोजून. आईने डब्यात हात घालून अंदाज घेतला आणि नेहमीच्या भाकऱ्या झाल्यावर आणखी पन्नास थापल्या. मी शेजारी बसून मोजत होते. पन्नासावी झाली तेव्हा तिने हात मागे घेऊन कपाळ पुसले आणि कपाळावर पीठ लागले. वर लसणाची चटणी ठेवून भाकऱ्या जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधल्या. ते गाठोडे घेऊन तो गेला आणि रात्री मोकळा धडपा घेऊन परत आला. पोरांनी घेतल्या, एवढेच त्याने सांगितले. आईने तेवढेच विचारले होते.

पन्नास भाकऱ्यांना कोळसा लागतो. गुरुवारी रात्री पोते झटकले तेव्हा खाली भुगा होता.

शुक्रवारी, २२ तारखेला भोंगा झाला आणि चाळीतून कोणी उतरले नाही. हरताळाची हाक कम्युनिस्ट पक्षाची होती. अरुणा असफ अलींचा पाठिंबा होता, वल्लभभाईंचे म्हणणे हरताळ नको असे होते. आमच्या चाळीत काँग्रेसची माणसे होती, लाल बावट्याची होती, पलीकडच्या चाळीत मुस्लिम लीगवालेही होते. त्या सकाळी तिन्ही निशाणे एकत्र रस्त्यावर होती, हे मी गॅलरीच्या गजातून स्वतः पाहिले. कोण बरोबर, कोण चूक, हा वाद आपल्या लेखात आला आहे, तो विद्वानांनी करावा. मला सांगायचे आहे ते सकाळी नऊच्या सुमाराचे.

आमच्या जेवणाऱ्यांत शिराळ्याकडचा एक पोरगा होता, बदली कामगार, वय एकोणीस-वीस. बदली म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या दारात उभे राहायचे. कुणाचा खाडा असेल तर काम, नाहीतर परत. आई त्याला ‘धाकला’ म्हणायची. त्याच्या घरच्यांना न विचारता नाव छापणे बरे नव्हे, म्हणून मीही इथे धाकलाच लिहिते. आईने त्याला हाक मारली. “धाकल्या, वखारीतनं कोळसा घिऊन ये. सांजच्याला शेगडी पेटाय नगं?” त्याने पोते खांद्यावर टाकले आणि गेला. मी तेव्हा पाटीवर पाढे लिहीत होते.

दुपारच्या आत लॉऱ्या आल्या. गोऱ्या सोजिरांच्या. आता जिथे आंबेडकर रस्त्यावर उड्डाणपूल आहे, तिथून त्या परळकडे गेल्या आणि फिरून आल्या. गोळ्यांचा आवाज मला आधी पत्र्यावर खडे पडल्यासारखा वाटला. वडिलांनी आम्हाला मोरीत बसवले. जमिनीलगत, भिंतीआड. जिन्यावरून धाडधाड माणसे वर आली. रस्त्यावरची, दुसऱ्या चाळीतली, कुठली कुठली. दारे उघडी होती, ज्याला जे दार दिसले तिथे तो शिरला. त्याच दिवशी परळला कम्युनिस्ट कार्यकर्त्या कमल दोंदे गोळी लागून गेल्या. सरकारी आकड्यांप्रमाणेच त्या दोन-तीन दिवसांत शहरात दोनशेहून अधिक माणसे मेली आणि हजाराहून अधिक जखमी झाली.

धाकला परत आला नाही. पोते आले. वखारीशेजारच्या चाळीतला एक माणूस तिन्हीसांजेला गल्लीगल्लीतून पोते घेऊन आला. म्हणाला, तुमच्या पोराला गुडघ्याखाली लागली, केईएमला नेलाय, जिवंत आहे, पोते तुमच्याकडे पोचवा असे तो सांगत होता. आई दारात उभी होती. तिने पोते घेतले, आत आणून ठेवले आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. तळाशी ते ओले होते. खोलीत मुले होती, आपली आणि परकी माणसे होती, सकाळपासून कुणाच्या पोटात काही नव्हते. आईने वरचा, कोरडा कोळसा काढला आणि शेगडी पेटवली.

त्या रात्री पिठले आणि भाकरी होती. सगळ्यांना दीड-दीड भाकरी आली. जेवणे झाल्यावर कंदिलाशी बसून मी रेघा ओढायला घेतल्या. आमच्या २४ पैकी १७ जण जेवले, बाकीचे कुठेकुठे अडकलेले. आणि नऊ माणसे अशी होती की त्यांची नावे आम्हाला ठाऊक नव्हती. मी आईला विचारले, यांचे काय लिहू? ती म्हणाली, “पाव्हणा लिव्ह.” नावांच्या खाली मी नऊ वेळा ‘पाव्हणा’ लिहिले आणि पुढे नऊ रेघा ओढल्या. १७ आणि ९ मिळून २६. हिशेब करताना त्या नऊ रेघांचे पैसे कुणाकडून घ्यायचे, हे मी विचारले नाही. तिसरीतल्या मुलीलाही तेवढे कळत होते.

धाकल्याच्या ओळीत २२ पासून ‘खा’ आहे. महिना संपेपर्यंत ‘खा’.

आमच्या माणसांचे चार दिवस गेले. हरताळाच्या दिवसांत माणसे घरात असतात आणि दोन्ही वेळा नीट जेवतात. म्हणजे खानावळीचा खर्च तेवढाच किंवा थोडा जास्तच आणि मार्चमधला त्यांचा पगार चार दिवसांनी कमी. वडिलांचाही कमी. त्यातच ज्यांनी पठाणाकडून उचल घेतली होती त्यांना आधी व्याज द्यावे लागले, नाहीतर पगाराच्या दिवशी तो गिरणीच्या दाराशी काठी घेऊन उभा. मग आईकडे अर्धे पैसे, कुणी पाऊण. वाण्याने मान हलवली. आईने पाटल्या मारवाड्याकडे ठेवल्या. त्या १९४८ मध्ये सुटल्या. तोपर्यंत तिच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या आणि कुणी विचारले तर ती म्हणायची, पीठ मळताना पाटल्यांची अडचण होते.

तिला पाटल्यांचे दुःख नव्हते. “म्याच पाठिवला त्येला,” हे मात्र ती आयुष्यभर म्हणत राहिली. धाकला केईएममध्ये होता तोवर रोज डबा गेला. पाय राहिला, पण ताठ झाला. दिवसभर साच्यावर उभे राहायचे काम आता त्याच्याने होणार नव्हते आणि बदली कामगाराला गिरणी काय देणार? तो गावी गेला. जाताना तीन महिन्यांचे पैसे देणे आहे म्हणाला. आईने मला वही आणायला सांगितली आणि त्याच्या देखत त्याच्या ओळीवर आडवी रेघ मारायला लावली.

१५ ऑगस्ट १९४७ ला आम्ही बोरीबंदरची रोषणाई पाहायला गेलो. गर्दीत वडिलांनी मला खांद्यावर घेतले होते. दुसऱ्या दिवशी आईने मला पोस्टकार्ड आणायला पाठवले. धाकल्याला लिहायचे होते. तिने सांगितलेला मजकूर मला पाठ आहे: ‘स्वातंत्र्य मिळाले. दिवे लई चांगले होते. पायाला तेल लावत जा.’

आता यातली जी गोष्ट मला लिहायचीच होती ती. केंद्र सरकारने १९७२ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना काढली. किमान सहा महिने तुरुंगवास ही त्यातली मुख्य अट, पण गोळीबारात किंवा लाठीमारात कायमचे अपंगत्व आलेल्यांचीही त्यात तरतूद होती. गावात कुणीतरी सांगितले म्हणून धाकला काठी टेकत मुंबईला आला. मी तेव्हा शाळेत शिकवत होते, म्हणून अर्ज मी भरायला बसले. चळवळीत कोणता सहभाग घेतला, हे लिहायचे होते. बरोबर आलेला त्याचा गाववाला म्हणाला, मोर्चात होतो असे लिहा, दोन साक्षीदार मी उभे करतो. धाकला माझ्याकडे बघत म्हणाला, “ताई, मी कोळसा आणाय गेलतो. मोर्चात न्हवतो. खोटं कसं लिवायचं?”

आई कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. ती इतक्या मोठ्याने बोलली की सगळे गप्प झाले. “कोळसा कशापायी संपला व्हता? आरमारातल्या पोरांस्नी भाकऱ्या दिल्या म्हनून. तो कोळसा त्याच कामातला. लिव्ह गं तू.”

मी पेन हातात घेऊन बसून राहिले. आईचे म्हणणे खरे होते, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. पण अर्जावर ते मावत नव्हते. धाकल्याने तो अर्ज पुरा करू दिला नाही. दोन दिवस राहिला, आईच्या हातचे जेवला आणि परत गेला. तो अर्धा भरलेला अर्ज त्याच वहीत आहे. धाकला आता नाही, आईही नाही.

संपादक महोदय, तुरुंगात गेले, फासावर गेले, त्यांची नावे आपल्याकडे आहेत आणि ती असायलाच हवीत. कुलाब्यात नौसैनिकांच्या उठावाचे स्मारक आहे. नातीला घेऊन मी तिथे जाऊन आले, हात जोडून आले. पण त्या दिवशी मुंबई बंद राहू शकली ती हजारो घरांनी आपली चूल त्यात घातली म्हणून. ज्यांनी हाक दिली त्यांच्याएवढेच ज्यांनी चार खाडे सोसले, ज्यांनी दार उघडे ठेवले, त्यांनी हे स्वातंत्र्य आणले असे मी मानते. आमच्या भागातल्या चाळी एकेक करून पाडल्या जात आहेत. आमचीही यंदा रिकामी होईल. माळे उपसले जातात तेव्हा अशा वह्या, रेशनकार्डे, पोस्टकार्डे रद्दीत जातात, मी डोळ्यांनी पाहते. ८०-९० वर्षांची माणसे आता मोजकीच उरली आहेत. आपल्या दैनिकाने वाचकांना एवढेच विचारावे: १९३०, १९४२, १९४६ मध्ये तुमच्या घरात काय घडले? किती खाडे पडले? काय गहाण पडले? कोण जेवून गेले? आलेली पत्रे छापावीत, सगळी छापता आली नाहीत तर जपून ठेवावीत. इतिहासाच्या अभ्यासकांनीही नुसते पोलिसांचे अहवाल न बघता खानावळींच्या वह्या शोधाव्यात. आमच्या एका गल्लीत पाच खानावळी होत्या.

वहीतल्या त्या पानाचा फोटो नातीने काढला आहे, तो सोबत पाठवते. जेवणाऱ्यांची नावे झाकली आहेत. खालच्या नऊ ओळी तेवढ्या उघड्या ठेवल्या आहेत. त्या नऊ जणांतले एक गृहस्थ वयस्कर होते, डोक्याला काळी टोपी, हातात तुटलेली छत्री. फेब्रुवारीत छत्री कशाला, म्हणून माझ्या लक्षात राहिले. एक माझ्याहून थोडा मोठा मुलगा होता, तो जेवताना रडत होता आणि त्याची अर्धी भाकरी त्याने खिशात ठेवली. उरलेले सात मला आठवत नाहीत. त्यांच्यापैकी कुणी किंवा त्यांच्या घरचे कुणी हे वाचत असतील, लालबागच्या एका खोलीत पिठले-भाकरी खाऊन रात्र काढल्याचे कुणी कधी सांगितले असेल, तर त्यांनी आपल्या कार्यालयात कळवावे. माझा पत्ता आपल्याकडे दिला आहे. ‘पाव्हणा’च्या जागी मला त्यांचे नाव लिहायचे आहे.

(नाव छापू नये, ही विनंती.)

– एक निवृत्त शिक्षिका, लालबाग, मुंबई